राखून न ठेवलेली खोली

गिरगावात एका जुन्या इमारतीच्या पोटमाळ्यावर माझी कचेरी आहे. मी करसल्लागार. पंखा लावला की कागद उडतात आणि बंद केला की मी उकडून निघतो, अशा त्या जागेत माझी उभी हयात गेली. अलीकडे माझ्याकडे जास्त करून परदेशी गेलेल्यांचीच कामं येतात. भायखळ्याच्या ख्रिस्ती कुटुंबांतली बोटीवर काम करणारी मुलं, लालबाग-परळच्या गिरणी कामगारांची नातवंडं, जी आता डब्लिनला नाहीतर दुबईला संगणकापुढे बसतात. माणूस देश सोडून गेला की पहिला प्रश्न येतो तो हा, की करासाठी तो आता रहिवासी कुठला. त्याचं उत्तर काढून देणं हे माझं काम.

त्यासाठी माझी एक रीत आहे. आलेल्या माणसाने फाइल टेबलाच्या कडेला ठेवायची आणि आधी तोंडाने बोलायचं. कागदावर माणसं फार शहाण्यासारखी वागतात, त्यातून मला काही कळत नाही. मी विचारतो, दाढ दुखली तर कुठल्या गावचा डॉक्टर गाठता? चष्मा कुठे करता? आणि सगळ्यात शेवटी विचारतो, गणपती कुणाच्या घरी बसतो? ख्रिस्ती मंडळींना नाताळचं विचारतो. तरुण पोरं ह्या प्रश्नावर हसतात. पण दोन देश एकाच माणसावर हक्क सांगू लागले की कायदासुद्धा वेगळं काही विचारत नाही. कायमचं घर कुठे आहे आणि जिव्हाळ्याचे संबंध कुठे आहेत, हेच तो विचारतो. कोकणातल्या माणसाचा जिव्हाळा कुठे आहे हे शोधायला मला गणपतीहून सोपी वाट सापडलेली नाही.

आणखी एक गोष्ट मी सगळ्यांना घसा फोडून सांगतो. नोकरीसाठी बाहेर जायचं असेल तर सप्टेंबर सरायच्या आत विमानात बसा. आपलं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं. त्यातले निम्मे दिवस इथे काढले की ते अख्खं वर्ष तुम्ही इथलेच रहिवासी धरले जाता, आणि मग पगार तिकडचा असला तरी इकडचं करखातंही विचारायला येतं. जो ऐकत नाही त्याला मी पुढच्या वर्षी चांगला फैलावर घेतो.

माझ्या मुलीने ऐकलं नाही. तिला हॅम्बुर्गच्या एका कंपनीत नोकरी लागली तेव्हा मे महिना होता, आणि ऑगस्टात रुजू व्हायचं होतं. जूनमध्ये तिच्या आईला परळच्या इस्पितळात दाखल करावं लागलं. मुलीने तिकडे कळवून टाकलं की आत्ता येता येणार नाही. मी तिला एकदा म्हटलं, सप्टेंबरच्या आत गेलीस तर बरं. तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की तो विषय मी पुन्हा काढला नाही. दादरहून परळला ती रोज मऊ भात आणि ताकाची बाटली घेऊन जायची. आईचे केस गेले तेव्हा तिने बाजारातून मऊ सुती वायलचं कापड आणून डोक्याला बांधायचे रुमाल शिवले, आणि एक रुमाल स्वतःही बांधून वॉर्डात बसायची. दिवाळीच्या थोडं आधी माझी बायको गेली. मुलगी डिसेंबरात निघाली. विमानतळावर ती रडली नाही, मीही नाही. घरी येऊन मी तिची खोली झाडून घेतली आणि दार उघडंच ठेवलं.

पुढच्या जूनमध्ये तिचा फोन आला. तिकडचे लोक म्हणत होते की डिसेंबरपासून ही आमची रहिवासी. आपल्या नियमाने ते अख्खं वर्ष ती इथली होती. "बाबा, तुम्हीच करून द्या ना," ती म्हणाली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. सहा महिने ती दर रविवारी फोन करत होती, पण बोलायला आमच्याकडे हवापाणी आणि माझी साखर ह्यापलीकडे काही नसायचं. आता कामाचं निमित्त मिळालं होतं. मी तिच्या नावाची नवी फाइल केली. इस्पितळात गेलेले तिचे सगळे दिवस भारतातल्या वास्तव्याचे म्हणून एकात एक मिळवले आणि ती सप्टेंबरची हद्द ओलांडून बरीच पुढे गेली हे लिहून ठेवलं. ते लिहिताना मी मध्येच थांबून चहा मागवला.

आता सगळं घोडं अडलं होतं दोन देशांतल्या करारावर. दोघंही हक्क सांगतात, तेव्हा कायमचं घर कुठे ते पाहायचं. मी तिला सांगितलं, माझ्याकडे सगळे जसे येतात तशीच तूही ये. एका शनिवारी दुपारी मी कचेरीत इस्त्रीचा शर्ट घालून बसलो, समोर लॅपटॉप ठेवला, आणि पडद्यावर ती आली. तिला माझी रीत माहीत होती. तिने समोरचे कागद उचलून मला दाखवले आणि बाजूला ठेवले. आम्ही दोघंही हसलो.

दाढेचा डॉक्टर तिकडचा. चष्मा तिकडेच, नवा, जाड काळ्या काड्यांचा. हे सगळं ठीक होतं. मी म्हटलं, आता घर. तिकडे भाड्याचं आहे, लांब मुदतीच्या कराराचं आहे. आणि इकडे दादरला तुझी खोली आहे. तिने चष्मा काढून पुसायला घेतला. मी पुन्हा म्हटलं की खोली आहे, पलंग आहे, कपाट आहे, तेव्हा कायदा म्हणेल की घर दोन्हीकडे आहे. ती म्हणाली, ते लिहू नका. मी म्हटलं, असलेलं कसं लिहायचं नाही? तेव्हा ती हळूच म्हणाली की ती खोली आता माझी नाही राहिली, बाबा. तिथे मला आईचं कण्हणं ऐकू येतं. इस्पितळातून घरी आणल्यावर शेवटचे दहा-बारा दिवस माझी बायको त्याच खोलीत झोपायची, तिथे वारा येतो म्हणून. हे मला माहीत असायला हवं होतं, पण माझ्या डोक्यात ते कधी आलंच नव्हतं.

मग मी सवयीने तो शेवटचा प्रश्न विचारला. खरं तर तो विचारायची गरज नव्हती. आमच्याकडे बायको गेल्याचं वर्ष पुरं झालेलं नव्हतं, तेव्हा ह्या वर्षी गणपती येणार नव्हताच, आणि ती 'कुठेच नाही' म्हणेल असं मी धरून चाललो होतो. ती म्हणाली, "माझ्याकडे. इथली आपली पाच-सहा घरं आहेत, त्यांचा माझ्या घरी बसणार आहे. मी विचारणार होते तुम्हाला, वर्षाच्या आत चालेल का. पण मग वाटलं, आईने नाही म्हटलं नसतं."

मी मान हलवली आणि टिपणात लिहिलं, जिव्हाळ्याचे संबंध, हॅम्बुर्ग. माझं अक्षर चांगलं आहे, तेवढ्या ओळीत मात्र त्याचे कोंबडीचे पाय झाले. एक प्रश्न अजून बाकी होता. तो ह्या कामात विचारावाच लागतो, आणि सहा महिने दर रविवारी तो माझ्या ओठांवर येऊन परत जात होता. परत यायचा विचार आहे का?

ती म्हणाली, "वडील म्हणून विचारताय की सल्लागार म्हणून?"

"सल्लागार म्हणून."

"नाही."

मी पेनाला टोपण लावलं. मग म्हटलं, "आणि वडील म्हणून विचारलं असतं तर?"

"तर म्हटलं असतं, बघू."

त्या दिवशी कचेरीला कुलूप लावून मी चौपाटीवर जाऊन बसलो. सत्तरीला टेकलेल्या माणसाने भर दुपारी वाळूत बसून रडणं काही बरं दिसत नाही, पण मी रडलो. शेजारी एक मक्याचं कणीस भाजणारा होता, त्याने काही न विचारता एक कणीस हातात दिलं. ते माझ्या दातांनी चावत नाही.

पुढचं काम पत्राचं होतं. तिच्या तिकडच्या सल्लागाराला घरमालकाचं, म्हणजे माझं, पत्र हवं होतं की माझ्या घरात हिच्यासाठी कायमची खोली राखून ठेवलेली नाही. ह्या पत्राचा मसुदा मला तोंडपाठ आहे. कित्येक आईबापांकडून मी तो लिहून घेतला आहे. लालबागच्या एका मावशीची मला फार आठवण झाली. मुलगा आयर्लंडला, ही एकटी चाळीतल्या खोलीत. सही करायला बोलावलं तर पेन हातात घेऊन बसून राहिली. म्हणाली, "माझ्या झिलाक माझ्या घरात जागा नाय, असां मी कसां लिवान देऊ?" मला तेव्हा वैताग आला होता, मागे माणसं खोळंबली होती. मी तिला समजावलं की मावशी, हा नुसता कागद आहे, कागदाने काय होतं? तिने सही केली आणि पदराने पेन पुसून मला परत दिलं.

माझं पत्र मी टंकून काढलं आणि सही करता येईना. भावना वगैरे सोडा, तो भाग वेगळा. पण ते खोटं होतं. मागच्या महिन्यांचं मी कायद्याच्या भाषेत बसवलं असतं, की घर माझ्या नावावर, तिचा त्यावर हक्क नाही, ती सामान घेऊन निघून गेली. पण 'राखून ठेवलेली नाही' हे आजच्या तारखेला मी कोणत्या तोंडाने लिहू? पलंगावर तिची चादर होती, दर पंधरवड्याला मी ती धुवून परत घालत होतो. टेबलावर तिचा दिवा होता. कपाटात तिने जाताना आईच्या साड्या लावून ठेवल्या होत्या. खोट्या मजकुराखाली मी आजवर सही केलेली नाही, आणि ह्या बाबतीत माझी बायको मला जन्मभर हट्टी म्हणत आली.

तेव्हा मी पत्र बदललं नाही, खोली बदलली.

परळच्या इस्पितळाबाहेर मी माझ्या बायकोच्या वेळी पाहिलं होतं, बाहेरगावची माणसं उपचाराला येतात आणि नातेवाईक पदपथावर पथारी टाकतात. आमच्या इमारतीतल्या एक डॉक्टरीणबाई अशांना आसपासच्या घरांत खोल्या मिळवून देतात. मी त्यांना सांगितलं, माझ्याकडे एक आहे. आठवड्याच्या आत कराडकडचं एक जोडपं आलं. नवरा आजारी, बायको हसरी, हातात कुकर घेऊनच आली. माझ्यातल्या सल्लागाराला राहवेना, म्हणून मी त्यांच्याशी रीतसर करारही केला. साड्या माझ्या कपाटात आणल्या, मुलीची पुस्तकं खोक्यांत भरून माळ्यावर टाकली, दिवा त्या माणसाला हवा होता म्हणून तिथेच ठेवला. हे सगळं उरकल्यावर मी पत्रावर सही केली आणि स्कॅन करून हॅम्बुर्गला पाठवलं. पत्र आता शब्दन्‌शब्द खरं होतं. तिचं उत्तर आलं, थँक्यू बाबा, परफेक्ट. खोटं मी लिहिणार नाही हे तिला माहीत होतं, तेव्हा खोलीचं तिला कळलं असं मला वाटलं.

गणेश चतुर्थीला तिने व्हिडिओ कॉल केला. तिच्या दिवाणखान्यात छोटी शाडूची मूर्ती होती, कुणीतरी सामानातून कपड्यांत गुंडाळून नेलेली, मागे तिने तिच्या आईचा हिरवा शेला लावला होता. अनोळखी पोरंपोरी हात जोडून मला नमस्कार करत होती. मोदकांना कळ्या बऱ्या पडल्या होत्या, मी तसं म्हटलंही. मग ती म्हणाली, आता मला घर दाखवा. मी फोन घेऊन फिरलो. दिवाणखाना, स्वयंपाकघर, बाल्कनीतली तुळस. पॅसेजमध्ये आलो तेव्हा तिच्या खोलीचं दार उघडं होतं, आणि पलंगावर बसून ती कराडची बाई नवऱ्याला पेज भरवत होती.

मुलीने विचारलं हे कोण. मी सांगितलं. पत्राचं सांगितलं, खोटं लिहिता येत नाही म्हणून असं केलं हेही सांगितलं. मला वाटलं होतं ती कौतुक करेल. पडद्यावर तिच्या मागे कुणीतरी झांजा वाजवत होतं, तिने हात मागे करून त्यांना थांबायला सांगितलं.

"बाबा, ते कागदावर होतं," ती म्हणाली. "फक्त कागदावर होतं."

"तूच म्हणालीस ना, ती तुझी राहिली नाही."

"म्हणाले. म्हणजे तुम्ही द्यायची होती असं नाही."

मी तिला म्हटलं की आईच्या साड्या माझ्याकडे आहेत, पुस्तकं माळ्यावर आहेत, काही फेकलेलं नाही. ती हो हो म्हणत होती आणि तिचे डोळे वाहत होते. मग तिने सांगितलं की आईच्या वर्षश्राद्धाला यायचं तिकीट काढलंय, तुम्हाला अचानक येऊन चकित करायचं होतं. खोलीत एक रात्र तरी झोपून बघणार होते, जमतंय का. आणि मग, नाक पुसत, तिने विचारलं, "मग आता मी कुठे उतरू?"

पाहुणे उतरतात. मी घाईघाईने म्हटलं, दिवाणखान्यात झोप, मी स्वयंपाकघरात पथारी टाकतो. पण त्या माणसाचे उपचार अर्ध्यावर होते, त्याला रात्री चार वेळा उठावं लागायचं, घरात एकच न्हाणीघर. तिलाही ते दिसत होतं. ती म्हणाली, त्यांना अजिबात हलवू नका, आईला आवडणार नाही. माझं मी बघते.

ऑक्टोबरात ती आली आणि दादर स्टेशनाजवळच्या एका हॉटेलात राहिली. घरापासून ते चालत दहा मिनिटांवर आहे. श्राद्धाच्या दिवशी सकाळी ती आली, तेव्हा किल्ली तिच्या पर्समध्ये होती तरी तिने बेल वाजवली. अंगावर आईची साडी नेसायची म्हणून माझ्या कपाटातून एक मागून घेतली. भटजी गेल्यावर आम्ही जेवलो, तिने कराडच्या जोडप्यालाही पानावर बसवलं, त्या माणसाला मीठ कमी असलेली आमटी वेगळी वाढली. खोलीच्या दाराशी ती उभी राहून आली, आत गेली नाही. मी विचारलं, आवाज येतो का अजून? ती म्हणाली, आता ह्या काकांचा येतो. संध्याकाळी अंधार पडायच्या आत ती चपला घालून निघाली, मी खाली रस्त्यापर्यंत पोचवायला गेलो. चार दिवस असंच चाललं. मी सकाळी दूध तापवताना एका माणसाचं जास्त घ्यायचो आणि ती हॉटेलात नाश्ता करून यायची.

मी एकदा तिला म्हटलं, राहा ग आज, एक रात्र. कराडची बाईही म्हणाली, आम्ही बाहेर झोपतो ताई. ती माझ्याजवळ आली, माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाली, "नको बाबा. तुम्ही सही केली आहे ना. तुमचं पत्र खोटं नको ठरायला." ती टोमणा मारत नव्हती. टोमणा मारला असता तर मी चिडलो तरी असतो. माझ्या हट्टाचा मान राखत होती, तिच्या आईने राखला तसाच.

निघायच्या दिवशी ती सामान घेऊन गिरगावात माझ्या कचेरीत आली, तिथूनच विमानतळावर जाणार होती. समोरच्या खुर्चीत, जिथे सगळे बसतात तिथे बसली. पर्समधून तिने एक कागद काढला, घडी उलगडून सपाट केला आणि माझ्यापुढे ठेवला. ते हॉटेलचं बिल होतं.

"हे फाइलला लावा," ती म्हणाली. "मुंबईत येऊनसुद्धा मी घरी राहिले नाही, ह्याचा पुरावा होईल."

मी बिल घेतलं, पंच केलं आणि तिच्या नावाच्या फाइलला लावलं. इतका चोख पुरावा माझ्याकडे आजवर कुणी आणून दिला नव्हता. त्या वर्षी दोन्ही देशांतून कुणीही एकसुद्धा प्रश्न विचारला नाही.